लोलकीचं आंदण

छबूबाई लवट्यांच्या गळ्याकडे बघत बोलायची वस्तीवर कुणाची छाती नव्हती. गळ्याच्या उजव्या बाजूला बोराएवढी एक लोंबती गाठ होती, शेळीच्या गळ्याला असते तशी. छबूबाईबरोबरच ती जन्माला आली होती. वस्तीवर तिला लोलकी म्हणत. लोलकीच्या बुडाशी चांदीची बारीक कडी होती आणि छबूबाई बोलायला लागली की कडीसकट लोलकी हलायची. नवीन माणूस आधी तिच्याकडे बघायचा, मग छबूबाईच्या डोळ्यांकडे, आणि मग लांब पाण्याच्या टाकीकडे बघत राहायचा.

सकाळी अंगणात उन्हं आली की छबूबाई कपबशी घेऊन कट्ट्यावर बसायची. अंगणाच्या मधोमध डोक्याइतकी उंच भिंत होती. भिंतीपलीकडं तिची थोरली जाऊ मालन राहायची. दोघींचे नवरे गेले होते, पोरं शहरांत पांगली होती आणि लवट्यांच्या घरात या दोघीच उरल्या होत्या. तरी गेली कित्येक वर्षं त्या एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. जे सांगायचं ते ढवळ्या कोंबडीला सांगायचं. कोंबडी दोन्ही अंगणांत दाणे टिपायची, तिला भिंत लागू नव्हती.

पलीकडून आधी आल्याचा वास यायचा. मग चहा गाळल्याचा आवाज. मग एक घोट, तो तोंडात घोळवल्याची गुळगुळ, आणि शेवटी मोरीत पचकन थुंकल्याचा आवाज.

"ढवळे, सांग पलीकडं," छबूबाई म्हणायची, "आलं लई झालंय. हितं नाकाला झोंबतंय."

"ढवळे, सांग अलीकडं," पलीकडून खरखरीत आवाज यायचा, "ज्यांच्या नशिबात घोट हाय त्यांनी नाक दाबून गिळावा."

मालनच्या घशात दोन वर्षांमागं वाईट जातीची गाठ निघाली होती. डॉक्टरांनी गाठ काढली, जीव वाचवला, आवाजही बराचसा राखला. पण गाठीबरोबर श्वासनळीच्या तोंडावरचं झाकण गेलं. माणूस घास गिळतो तेव्हा हे झाकण मिटतं आणि घास बिनचूक पोटाच्या वाटेला लागतो. मालनला झाकणच उरलं नव्हतं. पाण्याचा घोट घेतला तरी तो फुप्फुसात उतरायचा. मग पोटाला नळी बसवली आणि सगळं खाणंपिणं त्या नळीतून सुरू झालं. चहाची तल्लफ मात्र नळीतून भागत नाही. म्हणून ती रोज चहा करायची, तोंडात घोळवायची आणि थुंकायची.

वस्तीच्या मागं पूर्वी उघडा माळ होता. आता तिथं नजर जाईल तिथवर सौरपट्ट्या उभ्या होत्या आणि त्यांच्या सावलीत कंपनीच्या शेळ्या चरत होत्या. शेळ्यांच्या गळ्यात यंत्राचे पट्टे. शेळी हद्दीबाहेर निघाली की पट्टा गुरगुरायचा आणि शेळी मागं फिरायची. राखणीला माणूस नको, हाळी नको. एके काळी याच माळावर मालन कमरेवर हात ठेवून हाळी द्यायची आणि ओढ्यापलीकडच्या शेळ्यासुद्धा माना वर करून चालू लागायच्या. ते आठवलं की छबूबाई पट्टेवाल्या शेळ्यांकडे पाठ करून बसायची.

एका रविवारी तिची नात ईश्वरी मिरजेहून आली. मिरजेच्या एका इस्पितळात ती यंत्रावर कामाला होती. माणसाला न कापता त्याच्या आतलं चित्र काढायचं यंत्र. आली की ती आधी थोरल्या आजीकडे बसायची, मग भिंतीला वळसा घालून धाकटीकडे यायची. छबूबाईला ते दिसत होतं. न दिसल्यासारखं करायला ती शिकली होती.

"आज्जी, तुझ्या लोलकीचं चित्र काढायचंय," ईश्वरी ताटावर बसल्या बसल्या म्हणाली.

"काढ की. फोन न्हाई व्हय तुझ्याकडं?"

"वरचं न्हाई. आतलं."

"आत काय सोनं पुरलंय?"

"असंल बी." ईश्वरीनं भाकरी मोडली. "आमच्या डॉक्टरबाई म्हणतात, असली गाठ लाखात एखाद्याला असती आणि आईबाप ती लहानपणीच काढून टाकतात, बरी दिसत न्हाई म्हणून. आत कूर्चा असती. आपल्या कानात असती ना, वाकवली तर वाकती आणि सोडली की सरळ होती, तशी. घशातलं झाकण पण त्याच कूर्चेचं असतंय."

छबूबाईचा हात कालवण वाढता वाढता थांबला. "घशातलं झाकण," ती म्हणाली.

ईश्वरी भिंतीकडं बघत होती. "थोरल्या आज्जीसाठी," ती हळूच म्हणाली.

छबूबाई उठली, आत गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. ईश्वरी परत मिरजेला निघाली तेव्हासुद्धा आतून भांड्यांचा आवाज येत होता.

लोलकीचं वर्म लवट्यांच्या घराबाहेरच्या माणसाला कळणं अवघड होतं. छबूबाई लग्नाची झाली तेव्हा तिला बघायला आलेली माणसं चहा न पिताच उठायची. पोरगी नाकीडोळी चांगली, कामाला वाघीण, पण गळ्याला शेळीसारखं लोंबतंय. एका उन्हाळ्यात तर ती डोक्यावरचा पदर गळ्याभोवती गुंडाळून बसायची आणि घामानं पुरळ उठायचं. मग लवट्यांच्या घरची म्हातारी आली. तिनं पदर बाजूला केला, गळा बघितला आणि म्हणाली, "लोलकीची शेळी आपल्या पायानं दारात आली तर हाकलत्यात व्हय?"

लवट्यांच्या कळपात लोलकीची शेळी निपजली की तिला वेगळे नियम. बाकी शेळ्यांच्या कानाला कातरीनं घरची खूण करायची, हिच्या कानाला नाही. हिला बाजार दाखवायचा नाही. सुरीचं तर नावच नको. एक वाट तेवढी मोकळी ठेवलेली होती. लेक किंवा बहीण सासरी जाताना तिला ही शेळी आंदण देता यायची. देणारीनं दावं घेणारीच्या हातात ठेवायचं. घेणारीनं लांब उभं राहून आपली हाळी द्यायची. शेळी त्या हाळीला चालत गेली तर ती तिची, नाही गेली तर आंदण झालंच नाही. गेली की मग नव्या घराची खूण तिच्या कानाला करायची. लोलकीच्या शेळीला उभ्या आयुष्यात पातं लागायचं ते तेवढंच.

असल्या घरात छबूबाई सून म्हणून आली आणि तिचा गळा अचानक मानाचा झाला. सासूनं लोलकीला चांदीची कडी घातली. पुढं घराच्या किल्ल्याही थोरलीला सोडून धाकटीच्या कमरेला आल्या. तेव्हापासून तिनं पदर कधी गळ्याशी धरला नाही. पोरांच्या शाळेत, सोयरिकीत, ग्रामसभेत, जिथं जाईल तिथं मान उंच, लोलकी पुढं.

आणि मग तो दुष्काळ. चंद्री नावाची शेळी होती, दोन्ही बाजूंना लोलक्या असलेली, छबूबाईच्या मांडीवर वाढलेली. छबूबाई भावाच्या दिवसकार्याला माहेरी गेली होती. माळावर काडी उरली नव्हती, चारा छावणीत शेळ्यांना घेत नव्हते, दोन पिलं मरून पडली होती. मालननं व्यापाऱ्याची गाडी बोलावली आणि दोन्ही घरच्या शेळ्या तीत चढवल्या. चंद्रीसुद्धा. छबूबाई परत आली, मोकळा गोठा बघितला. काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला.

ईश्वरी गेल्यावर दुसऱ्या सकाळी छबूबाई कट्ट्यावर बसली. आल्याचा वास आला नाही. तिच्या पुढच्या सकाळीही नाही. गाळणी वाजली नाही, मोरी वाजली नाही.

"ढवळे," छबूबाई म्हणाली, "आज पलीकडं आलं संपलंय वाटतं."

कोंबडी मान वाकडी करून बघत राहिली. पलीकडून काहीच आलं नाही.

आठवडाभर ऐकून ऐकून छबूबाईनं ईश्वरीला फोन लावला. "तिकडं काय झालंय गं?"

ईश्वरी म्हणाली, "थोरली आज्जी म्हणती, चहा सोडला. आता नळीतलं पण एक वेळचंच घेती. किती दिवस मोरीत थुंकायला जगू, असं म्हणाली काल."

"तिला म्हणावं नाटकं बंद कर."

"तूच म्हण की. भिंत काय लई जाड न्हाई."

छबूबाईनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला. मग म्हणाली, "फोटोच काढायचाय न्हवं? ये न्यायला. फोटोपुढं काय बोलायचं न्हाई."

इस्पितळातलं यंत्र गोल आणि भलंमोठं होतं. छबूबाईनं त्याला बघता क्षणी परात असं नाव दिलं. डॉक्टर नाझनीन मुल्ला मध्यमवयाच्या, चष्मा कपाळावर ठेवून विसरणाऱ्या. त्यांनी छबूबाईला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "आजी, कडी काढावी लागेल."

"ती निघत न्हाई. सोनारानं जोड झाळून बंद केलीय."

"धातू असला की चित्र फाटतं."

"फाटू द्या. तुमचं यंत्र एवढं मोठं, माझी कडी एवढीशी. त्यानंच जरा जमवून घ्यावं."

डॉक्टरबाईंनी वाद घातला नाही. कडीसकट चित्र काढलं आणि पडद्यावर दाखवलं. गळ्याच्या जागी नुसत्या पांढऱ्या रेघा, कुणीतरी रागानं ओरबाडल्यासारख्या. छबूबाईनं ते बराच वेळ बघितलं.

"पक्कड हाय का?" तिनं विचारलं.

डॉक्टरबाईंनी तार तोडायची बारीक पक्कड आणली आणि हात पुढं केला. छबूबाईनं पक्कड स्वतःच्या हातात घेतली. "बाकीच्यांनी हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. ईश्वरीनं आरसा धरला. कडी तुटताना एवढासा आवाज झाला. कडीच्या जागी फिकट, मऊ कातड्याचं वळं होतं. इतक्या वर्षांत त्या जागेनं ऊन बघितलं नव्हतं.

तुटलेली कडी तिनं पदराच्या गाठीत बांधली. ती चांदी कुणाची ते तिला माहीत होतं. घरात तेव्हा चांदीचा कण नव्हता. सासू कडी करायची म्हणाली, तेव्हा मालननं चुलीपुढं बसून उजव्या पायातली मासोळी ओढून काढली आणि सोनाराकडं दिली. नव्या पोरीची मान खाली जाते, ती वर राहू दे, एवढंच म्हणाली होती. मालनच्या उजव्या पायात पुन्हा मासोळी आली नाही.

दुसरं चित्र उठलं तेव्हा डॉक्टरबाई खुर्चीतून पुढं सरकल्या.

"काय दिसलं?" छबूबाई म्हणाली. "मला कळंल असं सांगा. मी तिसरीत शाळा सोडलीय. पण डोकं सोडलेलं न्हाई."

डॉक्टरबाई हसल्या आणि सांगायला बसल्या. बाळ पोटात पहिल्या दीड-दोन महिन्यांचं असतं, तेव्हा त्याच्या गळ्याशी माशाच्या कल्ल्यांसारख्या घड्या असतात. त्या घड्यांतूनच पुढं कान, जबडा, घसा घडतो. काम झालं की घड्या विरून जातात. एखाद्या बाळात मात्र एखादा तुकडा मागं राहतो.

"परातीला चिकटलेलं पीठ," छबूबाई म्हणाली.

"तसंच. भाकरी थापून झाल्या, पण पीठ राहिलं. आता हे पीठ आतून बघायला आजवर साधन नव्हतं. साध्या एक्स-रेत हाड दिसतं, कारण हाड किरणांना अडवतं. कूर्चा मऊ, ती किरणांना सरळ जाऊ देते, म्हणून तिथं नुसता धूर दिसायचा. काठी पाण्यात बुडवली की वाकडी दिसते ना? तसा किरणही कूर्चेतून जाताना कणभर वाकतो. हे यंत्र किरण किती अडला ते बघत नाही, किती वाकला ते मोजतं. त्यामुळं एकेक पेशी दिसते. शिवाय कोणती पेशी म्हातारी आणि कोणती अजून पोटातल्या बाळाएवढी तरुण, तेही कळतं."

पडद्यावर एक दुमडलेलं पान दिसत होतं. कडा आत वळलेल्या, मधे खोलगट. छबूबाईनं डोळे बारीक केले. "हा तर कान हाय."

"कानासारखाच. एकाच पिठाचा." डॉक्टरबाईंनी पानाच्या देठाकडं बोट केलं. तिथं निळे ठिपके दाट झाले होते. "या निळ्या पेशी अजून लहान आहेत. मोठ्या माणसाच्या कानातून घेतलेल्या पेशी वाढवून बघितल्या आम्ही, त्या निबर निघतात. या वाढतील. साच्यावर वाढवल्या तर त्यांचं झाकण होईल. कूर्चेत रक्त फिरत नाही, आणि शरीराचे पहारेकरी रक्तातून फिरतात. त्यामुळं एकाची कूर्चा दुसऱ्याला चालते. मला कोडं एवढंच आहे की तुमच्या वयात हे सगळं दगड व्हायला हवं होतं."

"मग झालं का न्हाई?"

"कडीमुळं, असं मला वाटतं. कूर्चेला रोज हलका ताण मिळाला की तिच्या पेशी जाग्या राहतात. तुम्ही बोलताय, कडी ओढतेय, पेशी जागतायत. इतकी वर्षं."

"म्हंजे मी गप बसले असते तर मेल्या असत्या," छबूबाई म्हणाली. ईश्वरी तोंडावर हात ठेवून मागं वळली.

छबूबाईनं खरा प्रश्न उठता उठता विचारला. "थोडी काढून भागंल?"

"नाही. जागत्या पेशी मुळाशी आहेत. मुळासकट सगळी काढावी लागेल. शेजारून मोठी रक्तवाहिनी जाते, पण चित्रात अंतर चांगलं दिसतंय. जिवाला धोका वाटत नाही."

जिवाचं छबूबाईला काही वाटलं नव्हतं. परत येताना ती गाडीच्या काचेत स्वतःचा गळा बघत होती. लोलकी गेली तर गळ्याला काय राहील? एक व्रण. गल्लीत अशा व्रणाच्या चार म्हाताऱ्या भेटतात. जिला बघून माणसं टाकीकडं बघायची ती बाई कुठं जाईल? आणि कुणासाठी? चंद्रीला गाडीत चढवणारीसाठी?

आटपाडी मागं पडली आणि बाहेर सौरपट्ट्या सुरू झाल्या. त्यांच्या मधून एक जुनी बाभळ अजून डोकं काढून उभी होती. छबूबाईनं ती ओळखली.

त्या बाभळीखाली दोन सुना दुपारी शेळ्या घेऊन बसायच्या. घरात सासूपुढं धाकटीनं थोरलीला 'तुमी' म्हणायचं. माळावर आलं की 'तू'. घरचं दूध सगळं डेअरीला जायचं, सुनांच्या वाट्याला कोरा चहा. मग मालन पेंगुळल्या डोळ्यांची एखादी दुभती शेळी ओढून आणायची, छबूला खाली बसवायची आणि धार थेट तिच्या तोंडात सोडायची. गरम, फेसाळ, थोडी खारट. छबूला हसू यायचं, दूध नाकातून बाहेर, पोलकं भिजलेलं. मालन एका हातानं आचळ धरून दुसऱ्या हातानं तिची हनुवटी वर करायची.

"गिळ आधी. मग हस," म्हणायची.

गाडी आपली आपण वळणं घेत होती. छबूबाईच्या तोंडाला ती चव आली आणि तिनं नकळत आवंढा गिळला. आपल्याला गिळता येतं याची तिला एकदम लाज वाटली.

"ईश्वरे," ती म्हणाली, "डॉक्टरबाईला सांग, देते."

वस्तीवर पोचल्या पोचल्या ईश्वरी धावत पलीकडं गेली. परत आली ती पाय ओढत. "न्हाई म्हणती."

"काय न्हाई म्हणती?"

"घ्यायची न्हाई म्हणती."

छबूबाईचा चेहरा लाल झाला. "मी माझ्या गळ्याचा मणी काढून देते आणि ती न्हाई म्हणती? एवढा ताठा? ढवळे, सांग तिकडं..."

"ढवळे, सांग अलीकडं," भिंतीपलीकडून आवाज आला. तो आज आणखी बारीक झाला होता. "एका लोलकीवर माझ्यापायी सुरी चालली. गाडी वळंपर्यंत ती माझ्याकडं बघून वरडत हुती. दुसरीवर चालू द्यायची न्हाई. मला तसंच जाऊ दे म्हणावं."

कोंबडी दोघींच्या मधे भिंतीवर चढून बसली होती. छबूबाईला इतकी वर्षं वाटत होतं की मालन चंद्रीला विसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी छबूबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, केस विंचरले, आणि अंगणातून बाहेर पडली. भिंतीला दार ठेवलेलं नव्हतं, दार ठेवू नको असं गवंड्याला तिनंच बजावलं होतं. त्यामुळं टाकीपर्यंत जायचं, वळायचं, आणि पलीकडच्या बोळातून आत यायचं. गुडघे कुरकुरत होते. ईश्वरी मागून चालत होती.

मालन ओसरीवर बाजेवर पडली होती. फार वाळली होती. पायांकडं छबूबाईची नजर आधी गेली. डाव्या पायात मासोळी होती, नवरा गेल्यावरही न काढलेली, आणि उजवा पाय रिकामा.

"आक्का," छबूबाई म्हणाली, "ऊठ. पाहुणी आलीय, चहा ठेव."

मालननं डोळे उघडले. तिची नजर छबूबाईच्या गळ्यावर गेली. "कडी कुठं गेली?"

"यंत्राला चालत न्हाई." छबूबाई बाजेच्या कडेला टेकली. "ईश्वरे, दाव ते चित्र."

ईश्वरीनं फोनवरचं चित्र पुढं धरलं. दुमडलेलं पान, देठाशी निळे ठिपके.

"हे काय?"

"माझ्या लोलकीचं आतलं. कान हाय बघ. आता कळलं, भिंतीपलीकडून तू माझ्या नावानं जे काय बोललीस ते सगळं मला कसं ऐकू यायचं."

मालनच्या ओठांचा कोपरा हलला. मग तिनं तोंड फिरवलं. "छबू, मी घेणार न्हाई. मी रीत एकदा मोडलीय."

"मोडलीस. मी इसरलेली न्हाई आणि इसरणार बी न्हाई." छबूबाईनं आवाज खाली आणला नाही. "पण रीत पुरती ध्यानात हाय का तुला? इकायची न्हाई. कापायची न्हाई. आंदण द्यायची मुभा हाय. लेकीला न्हाईतर भैनीला. आंदण दिलेल्या शेळीला नव्या घराची खूण करताना पातं लावत्यात का न्हाई?"

"लावत्यात."

"मग?"

"मी काय तुझी भैन हाय?"

"माझ्या भैनीनं मला कधी माळावर दूध पाजलं न्हाई." छबूबाईनं पदराची गाठ सोडली, तुटलेली कडी काढली आणि मालनच्या तळव्यावर ठेवली. "हे दावं. चांदी तुझीच हाय, तवा मोठी देणगी समजू नकोस. आता हाळी दे."

मालननं कडीवर बोटं मिटली. डोळे भरले होते, पण ती तशीच बघत होती. "आवाज कुठं राहिलाय माझा."

"जेवढा हाय तेवढा दे. हाळीबिगर आंदण लागू हुत न्हाई, मग उद्या तूच म्हणशील छबूनं फसवलं."

ती उठली आणि अंगणाच्या पार टोकाला, भिंतीशी जाऊन उभी राहिली. पाठ करून, शेळी उभी राहते तशी दुसरीकडंच बघत. सत्तरी उलटलेली बाई, अंगावर ठेवणीतलं लुगडं. ईश्वरीला हसावं का रडावं कळेना. मालन बाजेवर उठून बसली, एक हात कमरेवर ठेवला, दोनदा खोकली.

"हिर्रर्र... ये ये ये... हिर्रर्र..."

फाटक्या पोत्यातून वारा जावा तसा आवाज निघाला. ओढा सोडाच, तो अंगणाबाहेरही गेला नसता. भिंतीवरची कोंबडी फडफडून खाली उतरली.

छबूबाई वळली आणि चालत मालनपाशी आली. मान खाली घालून उभी राहिली. लग्नानंतर तिनं मान खाली घातलेली कुणी बघितली नव्हती. मालननं हात लांबवला आणि लोलकीला लावला.

"झाली तुझी," छबूबाई म्हणाली. "आता खूण करायला डॉक्टरबाईला सांग."

लोलकी निघाली. प्रयोगशाळेत तिचे निळे ठिपके एका इवल्याशा साच्यावर वाढत गेले. ईश्वरी दर रविवारी चित्र घेऊन यायची आणि दोघी म्हाताऱ्या एकाच बाजेवर बसून गर्भार सुनेची चौकशी करावी तशी झाकणाची चौकशी करायच्या. छबूबाईच्या गळ्यावर व्रण होता. बोलताना तिचा हात अजून तिथं जायचा आणि रिकामा परत यायचा. ग्रामसभेत माणसं आता तिच्या डोळ्यांकडं बघून बोलायला लागली होती. त्याचा तिला राग यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात झाकण मालनच्या घशात बसलं. जखम भरून आल्यावर डॉक्टरबाईंनी तिला यंत्राच्या परातीपुढं बसवलं आणि छबूबाईच्या हातातल्या तांब्यात काय आणलंय ते विचारलं.

"शेळीचं दूध," छबूबाई म्हणाली. सौरपट्ट्यांखाली शेळ्या राखणाऱ्या यंत्राला चुकवून तिनं ते स्वतः पिळून आणलं होतं. कसं, ते तिनं ईश्वरीलाही सांगितलं नाही.

पडद्यावर मालनचा घसा करड्या रंगात दिसत होता आणि त्यात ते झाकण, छबूबाईच्या गळ्यातल्या पानासारखंच, कडा जराशा वळलेलं. मालननं वाटी ओठांना लावली. दूध तोंडात गेलं. सवयीनं तिची नजर मोरी शोधायला लागली. खोलीत मोरी नव्हती. समोर छबू उभी होती, पोलक्यावर दुधाचे शिंतोडे, केसांत बाभळीचं पान अडकलेलं.

मालनला हसू यायला लागलं. गाल फुगले, नाक थरथरलं, डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टरबाई घाबरून पुढं झाल्या. छबूबाईनं त्यांना हातानंच थांबवलं आणि बोटांनी मालनची हनुवटी वर केली.

"गिळ आधी," ती म्हणाली. "मग हस."

पडद्यावर झाकण मिटलं.